समर्पणाची रोजची वही

संपादक महोदय,

ख्रिस्ती उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात) ‘सर्वस्व देवाला वाहा’ हे प्रवचनांतून खूप ऐकू येते. कसे, ते कमी. १६व्या शतकातील, येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली आहे: आभार, पाप ओळखण्याची कृपा मागणे, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. एखाद्या ठरावीक दोषासाठी ते दर दिवसासाठी दोन रेघा ओढायला सांगतात; जितक्यांदा घसरलो तितके ठिपके, एक रेघ दुपारच्या जेवणानंतर, दुसरी रात्री.

एकदम दहा दोष धरले की वही चौथ्या दिवशी कोरी. आभार गाळून थेट चुकांवर गेले की प्रार्थनेची उलटतपासणी होते. भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, कामवालीचा थकवलेला पगार हेही उजळणीत यायला हवे. बहुतेकांचे पेन तिथेच अडते.

– एक वाचक, वसई