वाहनतळावर पडणारे ७० लाख लिटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ आमणे येथे एक लाख प्रेक्षकांचे क्रिकेट मैदान उभारण्याची चर्चा आहे. बोलले जाते ते आसनसंख्येबद्दल. भोवतालच्या जमिनीचा विषय निघतच नाही. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने ३० एप्रिलनंतरचे जवळपास सगळे आयपीएल सामने राज्याबाहेर गेले, अंतिम सामना वानखेडेऐवजी बंगळुरूला झाला. वाद होता राज्यातील मैदानांना लागणाऱ्या सुमारे ६० लाख लिटर पाण्याचा. पुण्यासारख्या ७०० मिलिमीटर पावसाच्या ठिकाणी एक हेक्टर डांबरी वाहनतळावर वर्षाला ७० लाख लिटर पाणी पडते आणि बहुतेक तेलकट होऊन नाल्याला मिळते. आमण्याचा पाऊस तर याहून कितीतरी जास्त.

म्हणून वाहनतळ पाणी जिरवणारा हवा. फटी ठेवून बसवलेले पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक), फटींत वाळूऐवजी ६ मिमीची धुतलेली बारीक खडी आणि खाली ४० मिमी खडीचा ३० सेंमी थर. खडीत ४० टक्के पोकळी धरली तर १२० मिमी पाऊस तिथेच मावतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी सावकाश मुरते. तेव्हा थराच्या वरच्या अंगाला पाइप देऊन जास्तीचे पाणी मैदानाच्या टाकीत न्यावे. जमीन उतरती असेल तर थरात आडवे बांध घालावेत, नाहीतर खालच्या टोकाला पाणी उफाळून वर येते.

दर चार गाड्यांमागे करंज, ताम्हण किंवा कडुनिंबाचे एक झाड लावावे, बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटविना सोडावी. सामने वर्षातून मोजकेच. एरवी फाटक उघडे राहिले तर याच सावलीत गावाचा आठवडी बाजार भरेल, मुले सायकल शिकतील. त्यासाठी पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे कुंपणाच्या आत नकोत, बाहेरच्या बाजूला हवीत.

काम बिघडते ते सवयीने. खडीवर मुरूम पसरून रोलर फिरवला की पोकळी संपली. झाडांचे वाफे पेव्हरपेक्षा उंच असले की पहिल्याच पावसात माती फटींत उतरते. म्हणून निविदेतच चाचणीची अट असावी: ३० सेंमी व्यासाचे कडे पुट्टीने पेव्हरवर चिकटवायचे, जागा आधी भिजवून घ्यायची, मग १८ लिटर पाणी ओतायचे. ते पाच-सहा मिनिटांत जिरले नाही तर ठेकेदाराचे अंतिम बिल थांबवावे, आणि हीच चाचणी पुढची पाच वर्षे दर मे महिन्यात व्हावी.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे