लॅपटॉपमधील माहितीला कुलूप हवे

महोदय,

गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना एसटीत माझी बॅग चोरीला गेली. त्यातील लॅपटॉपचे दुःख दोन दिवसांत ओसरले. मात्र आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती त्यात ‘केवायसी’ नावाच्या फोल्डरमध्ये उघड्यावर होत्या, हा विचार अजूनही झोप लागू देत नाही. लॅपटॉपला पासवर्ड होता. पण चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की आतील फायली सहज वाचता येतात, हे एका दुरुस्तीवाल्याने जुन्या लॅपटॉपवर माझ्यासमोर करून दाखवले, तेव्हा मी हादरलो.

यावर उपाय आहे तो संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात माहिती ठेवण्याचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही सोय मुळातच असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की (अडचणीच्या वेळी डिस्क उघडणारा क्रमांक) कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. ती हरवली तर वेळप्रसंगी आपलीच माहिती आपल्याला मिळत नाही.

मुळात संस्थांनी आधारची पूर्ण प्रत मागूच नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मोफत मिळते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये मंजूर केला. त्याला अनुसरून सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांना साध्या मराठीत सूचना द्याव्यात, ही विनंती.

– संस्थेचा एक माजी सचिव, सातारा