पहिल्या विमानाच्या आधी पोचणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहर कुठलंही असो, विमानतळाला रेल्वे किंवा मेट्रो जोडल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य असतंच: शहराच्या मध्यातून विमानतळ आता अमुक मिनिटांत. विमानतळावर जमिनीवरची कामं, म्हणजे ग्राउंड हँडलिंग, करणाऱ्या एका कंपनीत मी ड्युटी रोस्टर लावते. चेक-इनला कोण, बॅगांच्या बेल्टवर कोण, व्हीलचेअरला कोण, कोणाची पाळी कुठली आणि सुट्टी कधी, हे माझ्या टेबलावर ठरतं. या टेबलावर बसणाऱ्याला त्या मिनिटांचा फारसा उपयोग नसतो. पहिली गाडी किती वाजता पोचते, शेवटची किती वाजता सुटते आणि रोज येणाऱ्याला पास मिळतो का, हे मला हवं असतं. नेमकं तेच बातमीत नसतं, आणि बहुतेक वेळा आराखड्यातही नसतं.

विमानतळ म्हटलं की डोळ्यांसमोर बॅग ओढत जाणारा प्रवासी येतो. तो वर्षातून दोन-चार वेळा येतो. आम्ही रोज येतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कोविडच्या आधी सुमारे ७६ हजार माणसं कामाला होती. एखाद्या लहान शहराएवढी ही वस्ती. तिच्यातले वैमानिक आणि केबिन क्रू लोकांना माहीत असतात. लोडर, सफाईवाले, सुरक्षा तपासणीवाले, जेवणाच्या ट्रॉल्या भरणारे, मालगोदामातले हमाल, दुकानांतली मुलंमुली, स्वच्छतागृहं सांभाळणाऱ्या बायका मोजायच्या राहून जातात. खरं तर वाहतुकीचं गणित मांडणाऱ्याला याहून भरवशाचं गिऱ्हाईक मिळणार नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, जाणं आणि येणं दोन्ही.

आमचा दिवस कसा सुरू होतो ते सांगते. रात्री मुक्कामाला आलेली विमानं पहाटे एकामागून एक सुटतात. याला आम्ही ‘फर्स्ट वेव्ह’ म्हणतो. उभं विमान कंपनीला काही कमावून देत नाही, त्यामुळे दिवस जितका लवकर उघडेल तितक्या जास्त फेऱ्या बसतात. सहा वाजताच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे काउंटर तीनच्या सुमारास उघडतात. काउंटरवरच्या मुलीला त्याआधी गणवेशात, कर्मचाऱ्यांच्या गेटवरची तपासणी पार करून, ब्रीफिंगला हजर राहायचं असतं. म्हणजे रिपोर्टिंग अडीचचं. केबिन साफ करणारे आणि केटरिंगवाले तर त्याच्याही आधी लागतात. जगातल्या बहुतेक मेट्रो पहाटे पाचच्या आगेमागे सुरू होतात. ज्यांच्या हातांनी पहिलं विमान सुटतं, त्यांच्यातल्या एकालाही पहिल्या मेट्रोने कामावर येता येत नाही. सहाचं विमान पकडणाऱ्या प्रवाशालाही येता येत नाही, पण तो एक दिवस टॅक्सी करू शकतो.

रात्रीची गोष्ट आणखी वाईट. शेवटची उड्डाणं दिवसभराचा उशीर पोटात घेऊन येतात. साडेदहाला सुटणारं विमान पाऊण-एकला सुटलं की पाळी लांबते आणि शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग लोक पहाटेपर्यंत तिथेच थांबतात. बॅगेज एरियाच्या मागच्या खोलीत खुर्च्या जोडून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांची दुपारची पाळी असते.

रोस्टर लावताना मी प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खूण करते: स्वतःची दुचाकी आहे, नाही, घरचं कोणी सोडतं, लांब राहते. कंपनीच्या फॉर्ममध्ये या खुणांना रकाना नाही, पण त्यांच्याशिवाय रोस्टर उभंच राहत नाही. ज्यांना पहाटे येता येत नाही त्यांना मी दुपारची पाळी देते. दुपारच्या पाळीला रात्रपाळीचा भत्ता नसतो. म्हणजे एकाच कामाला लागलेल्या दोन मुलींपैकी जिच्या घराजवळून रात्री काही मिळतं तिला महिन्याअखेर जास्त पैसे मिळतात. पुढे शिफ्ट सुपरवायझर नेमायची वेळ येते तेव्हा पहिली अट असते की सगळ्या पाळ्या करायला हव्यात. जिने वर्षानुवर्षं दुपारचीच पाळी केली तिचं नाव तिथेच गळतं. कामात चोख, तीन भाषांत प्रवाशांना समजावणारी, चिडलेल्या माणसाला दोन वाक्यांत शांत करणारी मुलगी केवळ बस नाही म्हणून मागे राहिलेली मी पाहिली आहे, आणि एकच नाही. वाहतुकीवर बोलताना लोक वेळ आणि इंधन वाचवण्याबद्दल बोलतात. बढतीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

कंपन्यांच्या गाड्या असतात, असं कोणी म्हणेल. असतात, पण बहुधा कायम नोकरीत असलेल्यांसाठी. कंत्राटदाराकडून आलेला लोडर त्या यादीत क्वचितच असतो. तो दुचाकीवर, कधी तिघं मिळून एका दुचाकीवर, विमानतळाच्या वेगवान रस्त्याने येतो. या रस्त्यांना अनेक ठिकाणी पदपथ नसतो, कारण कोणी तिथे चालत येईल असं आखणाऱ्याला वाटलेलंच नसतं.

भाड्याबद्दलही लिहायला हवं, कारण अनेक शहरांनी विमानतळाची गाडी ही खास गाडी मानून महाग केली आणि मग ती रिकामी धावली. टोरांटोची विमानतळाला जाणारी यूपी एक्स्प्रेस २०१५ मध्ये सुरू झाली. प्रवासी कार्ड नसलेल्याला तिकीट २७.५० कॅनडियन डॉलर होतं. डबे रिकामे दिसू लागले आणि वर्षाच्या आतच, मार्च २०१६ मध्ये, ते १२ डॉलरवर आणावं लागलं. प्रवासी झपाट्याने वाढले. वाटेतल्या वेस्टन आणि ब्लूअर स्थानकांवरचे, विमानतळाशी काहीही संबंध नसलेले लोकही रोजच्या कामासाठी ती गाडी वापरू लागले. दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस २०११ ची. खासगी कंपनीकडे असताना २०१२ मध्ये तांत्रिक दोषांमुळे ती काही महिने बंद होती. जुलै २०१३ पासून दिल्ली मेट्रोने ती स्वतः चालवायला घेतली, नंतर भाडं टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि तिथेही प्रवासी वाढले.

सिडनीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथला विमानतळ मार्ग २००० साली, ऑलिंपिकच्या आधी सुरू झाला. स्थानकं खासगी कंपनीने बांधली, म्हणून तिथे नेहमीच्या तिकिटावर स्थानक वापरण्याचं वेगळं शुल्क बसलं. अपेक्षेएवढे प्रवासी आले नाहीत आणि काही महिन्यांतच ती कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. याच मार्गावरच्या ग्रीन स्क्वेअर आणि मॅस्कॉट या दोन वस्तीतल्या स्थानकांवरचं शुल्क २०११ मध्ये सरकारने उचललं, तशी तिथली गर्दी वाढली. रूळ तेच आणि गाड्याही त्याच. टर्मिनलच्या दोन स्थानकांवर मात्र शुल्क राहिलं. त्याला आठवड्याची कमाल मर्यादा आहे, एवढाच रोज येणाऱ्यांना दिलासा. जो माणूस रोज त्या फाटकातून जातो त्याच्याकडून पाहुण्यासारखे पैसे घेणं मला पटत नाही.

वेगवान गाड्यांशी माझं भांडण नाही. शांघायची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या बळावर मार्गाला न टेकता धावणारी विमानतळ गाडी, सुमारे ३० किलोमीटरचं अंतर आठेक मिनिटांत कापते आणि तिच्यामागचं तंत्रज्ञान थक्क करणारं आहे. पण ती शहराच्या मध्यात पोचत नाही, लाँगयांग रोडला उतरून पुढे मेट्रो धरावी लागते, आणि रात्री ती बंद असते. हीथ्रोला मात्र एकाहून अधिक सोयी आहेत. १९७७ पासून भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन आहे, १९९८ पासून हीथ्रो एक्स्प्रेस आहे, २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. माझं लक्ष ज्या सोयीकडे जातं ती सगळ्यात साधी आहे: रात्रभर मध्य लंडनहून हीथ्रोला जाणारी एन-९ बस. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पिकाडिली लाइनही चालते. इतर रात्री सगळी मदार बसवर असते, पण बस असते.

रेल्वे-मेट्रोवाले सांगतात की रात्री रुळांची, सिग्नलची, विजेच्या तारांची देखभाल करावी लागते, तेवढे तीन-चार तास तरी मार्ग मोकळा हवाच. हे खरं आहे आणि त्यावर हट्ट धरण्यात अर्थ नाही. तरी काही शहरांनी वाट काढली आहे. शिकागोची ब्लू लाइन १९८४ पासून ओ’हेअर विमानतळापर्यंत जाते आणि चोवीस तास चालते. कोपनहेगनची चालकविरहित मेट्रो २००७ मध्ये विमानतळावर पोचली आणि २००९ पासून तीही रात्रभर चालते, रात्री फेऱ्या कमी करून. प्रत्येक शहराला हे जमेल असं नाही. पण मेट्रो बंद असते तेवढ्या तासांत मेट्रोच्याच स्थानकांवर थांबत जाणारी बस सोडायला नवे रूळ लागत नाहीत. मेट्रोचाच पास तिच्यात चालला पाहिजे. ती अर्ध्या तासाने असली तरी चालेल, वेळेवर मात्र हवी, कारण तिच्या भरवशावर मी रोस्टर लावणार.

स्थानक कुठे आहे हाही प्रश्न आहे. गाडी टर्मिनलच्या दाराशी नेली की काम झालं असं मानतात. आमचे निम्मे लोक टर्मिनलमध्ये नसतातच. ते मालगोदामात, केटरिंगच्या स्वयंपाकघरात, हँगरमध्ये, इंधनाच्या डेपोत असतात, आणि ही ठिकाणं धावपट्टीच्या पलीकडे दोन-चार किलोमीटरवर असू शकतात. हाँगकाँगने हे ओळखलं. १९९८ मध्ये नवा विमानतळ उघडला तेव्हा त्यांनी वेगवान एअरपोर्ट एक्स्प्रेस दिलीच, पण बसचे दोन प्रकार ठेवले. ‘ए’ बस प्रवाशांना टर्मिनलला नेते. ‘ई’ बस स्वस्त असते, ती वळसा घालत जाते आणि तिच्यातल्या कित्येक मालगोदामं आणि केटरिंगच्या भागातून जातात. सामानवाल्या प्रवाशाला तो वळसा कंटाळवाणा वाटत असेल. ज्याची नोकरी त्या वळशावर आहे त्याच्यासाठी ती दारात येणारी बस आहे.

‘आत्ता विमानतळ उघडू, गाडीचं पुढे बघू’ हे वाक्य अनेक शहरांत बोललं गेलं आहे. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला. तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध रेल्वेसाठी जागा राखून ठेवली होती. मेट्रो तिथे पोचली २०२२ च्या नोव्हेंबरात. साठ वर्षं! पहिल्या दिवशी कामाला लागलेला माणूस निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा तिथेच लागला असता तर त्याचीही निवृत्ती जवळ आली असती. मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेल विमानतळाच्या तळघरात तर स्थानकाची जागाच बांधून ठेवली होती. गाडी कधी आलीच नाही, आणि १९७५ मध्ये थाटात उघडलेल्या त्या विमानतळावरची प्रवासी उड्डाणं २००४ मध्ये बंद झाली. त्याला इतरही कारणं होती, पण शहरापासून लांब आणि जायला गाडी नाही हे त्यातलं मोठं कारण होतं.

एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. विमान कंपन्यांचं वेळापत्रक जगभर वर्षातून दोनदा बदलतं: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. त्या दोन तारखांना माझं अख्खं रोस्टर उलटंपालटं होतं. फर्स्ट वेव्ह अर्ध्या तासाने पुढे सरकते, रात्रीची तीन उड्डाणं वाढतात. बस आणि मेट्रोचं वेळापत्रक मात्र जिथल्या तिथे असतं, कारण या दोन वेळापत्रकांची माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यांनी त्या दोन तारखांच्या महिनाभर आधी एकत्र बसावं. आपल्या वार्ताहरांनीही विमानतळ जोडणीची पुढची बातमी देताना मिनिटांच्या शेजारी पहिल्या गाडीची आणि पहिल्या उड्डाणाची वेळ छापावी, आणि कर्मचाऱ्यांच्या पासाचं काय ठरलं ते विचारावं.

त्या बैठकीला विमान कंपन्यांचे, विमानतळाचे आणि मेट्रोचे अधिकारी येतीलच. ग्राउंड हँडलिंग, केटरिंग, मालवाहतूक आणि सफाईच्या कंत्राटदारांकडे पाळ्या लावणाऱ्यांनाही बोलवावं. कोण कुठून, किती वाजता निघतं आणि कोणाला परतीला काहीच मिळत नाही, याच्या याद्या आमच्याकडे तयार आहेत. आम्ही त्या घेऊन येऊ.

आपली,
विमानतळावर ड्युटी रोस्टर लावणारी एक वाचक