काच सगळ्यात शेवटी

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "काचेचं काम कधी?" एवढंच विचारतात, म्हणून टाइल्सच्या नव्या शोरूमचं सविस्तर लिहिते. काच सगळ्यात शेवटी. आतापर्यंतचा पैसा छपरात आणि जमिनीत गेलाय.

शेड जुन्या डाळमिलचं, लातूरला अशी कितीतरी. ड्रिल लावलं की छपराच्या कैच्यांवरून अजून तुरीची चुणी गळते, मिस्त्री पिवळा होऊन खाली उतरतो. जमीन मधोमध खचली होती. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, हे बाबांना मी काय सांगू! ती उकरून मुरूम भरला, धुमस केली, मग काँक्रीट. टाइल्सचा एक बॉक्स 28 किलोच्या आसपास. अशा थप्प्या कच्च्या जमिनीवर टिकत नाहीत.

इंजिनिअर म्हणाले, माळा टाका, जागा दुप्पट होईल. मी नको म्हटलं. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि धाब्याच्या छपराची माती माणसांवर कशी कोसळली, ते तुमच्याच तोंडून ऐकत वाढले. हिशेबानं टाकलेला लोखंडी माळा तग धरतो, कळतं मला. पण डोक्यावर टनांनी फरशी ठेवून खाली गिऱ्हाइकाला चहा पाजणं मला जमणार नाही. रॅक बुटके, जमिनीत बोल्टनं आवळलेले, जड माल तळाला.

पुढं शोरूम, मागं गोडाऊन, मध्ये पक्की भिंत. ट्रकचं दार मागच्या रस्त्याला, म्हणजे हमाल आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या पायात येणार नाहीत. शोरूमवर छपरात पारदर्शक पत्रे टाकलेत. ट्यूबच्या उजेडात पसंत केलेला रंग घरी वेगळा दिसतो आणि मग भांडण आमच्याशी! आई, तू म्हणालीस तसं बायकांसाठी वेगळं बाथरूम केलंय, बसायला बाकडंही.

छप्पर पाच हजार चौरस फुटांचं. एक इंच पाऊस झाला तरी साधारण बारा हजार लिटर पाणी, ते पाइपानं गाळणीत आणि तिथून बोअरमध्ये. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात ते गटारीत सोडायला मन होत नाही.

विजेचं मीटर, परवानग्या, कागदपत्रं चालू आहेत. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

दसऱ्याला माल हलवायचाय. बाबा, तुम्हाला यायचंच आहे. तोवर गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या. शेडमध्ये एकही जिना नाही, त्यामुळं ती सबब चालणार नाही.

तुमची लेक