'लाइव्ह बॅरो' लिहून विकलेल्या ईसीयूत बॅरो सेन्सरच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्टँडअलोन ईसीयूची चुकीची माहिती देऊन विक्री, दुरुस्ती करून द्यावी किंवा पैसे परत करावेत.

महोदय,

तुमच्या कंपनीकडून घेतलेल्या स्टँडअलोन ईसीयूबद्दल, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी बसून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणाऱ्या संगणकाबद्दल, ही लेखी तक्रार आहे. 'लाइव्ह बॅरो' म्हणून विकला, पण इंजिन चालू असताना बाहेरच्या हवेचा दाब तो वाचतच नाही. फोन करून झाले, व्हॉट्सॲप करून झालं. उत्तर मिळालं ते एवढंच, की "घाट चढून झाला की गाडी एकदा बंद करून परत चालू करा." हे उत्तर मला मान्य नाही. फोन घेणाऱ्यांच्या मुद्दाच लक्षात आलेला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हे पत्र कृपया तुमच्या इंजिनियरच्या हातात पडू द्या.

गाडी पहिल्या पिढीची स्विफ्ट, जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी. ऑटोक्रॉससाठी (घड्याळ लावून होणारी शर्यत) बांधली आहे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, कॅम बदललाय आणि मूळ इनटेक मॅनिफोल्ड काढून मोटरसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी बसवल्यात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आला की मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) भरवशावर पेट्रोल मोजता येत नाही. आयडलला दाब सारखा वरखाली नाचतो आणि थ्रॉटल जरा उघडला की बाहेरच्या हवेइतका होऊन बसतो. त्यापुढे त्यातून काही कळत नाही. म्हणून अशी इंजिनं अल्फा-एनवर चालवतात. थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती, यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरतं. पण उंचीवर हवा विरळ झाली हे अशा ईसीयूला आपोआप समजत नाही. बाहेरचा दाब मोजणारा वेगळा बॅरो सेन्सर लागतोच.

साताऱ्याच्या माणसाला हे काही पुस्तकातलं नाही. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेलं की साडेपाचशे मीटरच्या वर चढ होतो. हवेचा दाब साधारण ९३ किलोपास्कलवरून ८७ वर येतो, म्हणजे साडेसहा टक्के हवा कमी. आम्ही राहतोच घाटांच्या पायथ्याशी.

म्हणूनच ईसीयू निवडताना मी सगळ्यात जास्त डोकं या एका गोष्टीवर घातलं. पिगीबॅक पहिल्याच फटक्यात बाद केला. मूळ ईसीयूला थोडे खोटे सिग्नल देऊन चार थ्रॉटल बॉडींचं काम भागत नाही. हॉलटेक आणि लिंक हे परदेशी ईसीयू बघितले. उत्तम आहेत, पण त्यांची किंमत आणि वरची कस्टम ड्युटी माझ्या आवाक्याबाहेरची होती. स्पीडुइनो स्वस्त आणि सगळं उघड, पण बोर्डात बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागायची? मेगास्क्वर्टवर जवळजवळ ठरलंच होतं. तिथे निदान स्पष्ट लिहिलेलं असतं, की बॅरोसाठी किल्ली फिरवतानाचं मॅप रीडिंग घ्यायचं की वेगळा स्वतंत्र सेन्सर लावायचा. काय मिळणार ते घेणाऱ्याला आधी कळतं.

तुमच्याकडे वळलो ते दुरुस्ती देशातच होईल म्हणून, आणि तुमच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीमुळे: 'अल्फा-एन, लाइव्ह बॅरोमेट्रिक कॉम्पेन्सेशनसह'. त्या ओळीवरही नुसता विसंबलो नाही. पैसे भरायच्या आधी तुमच्या विक्री विभागाला लेखी विचारलं, "इंजिन चालू असताना उंची बदलली तर करेक्शन होतं का, की फक्त किल्ली फिरवतानाच रीडिंग घेतं?" उत्तर आलं, "कंटिन्युअस आहे सर, घाटात काही अडचण येणार नाही." तो मेसेज सोबत जोडला आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते वाचा. सकाळी रस्ता मोकळा असताना वाईत गाडी चालू केली. मित्र शेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता. तुमच्याच सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये बॅरोचा आकडा ९३. घाट संपून पाचगणी आली तरी आकडा ९३. चढावर फुल थ्रॉटलला लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या जितका खाली तितकं पेट्रोल जास्त) ०.८८ ठरवलेला, तो वर पोचेपर्यंत ०.८२ झाला होता. गाडी जड झाली आणि मागे काळा धूर. पाचगणीत किल्ली बंद करून परत फिरवली, तर त्याच क्षणी आकडा ८७. म्हणजे आतला मॅप सेन्सर ठणठणीत आहे. ईसीयू तो फक्त किल्ली फिरवताना वाचतो आणि नंतर त्याच्याकडे बघतच नाही.

चढताना पेट्रोल वाया जातं, प्लग काळे होतात, इतकंच. उतरताना इंजिनच जाऊ शकतं. ८७ हा आकडा धरून ठेवलेला ईसीयू वाईपर्यंत उतरला तरी पाचगणीच्या हवेपुरतंच पेट्रोल देत होता. पुढे सुरूर फाट्याला महामार्गाला लागताना थ्रॉटल पूर्ण उघडला, तर लॅम्बडा ०.९४ आणि इंजिनात स्पष्ट नॉकिंग (पेट्रोल भलत्या वेळी पेटून होणारी खडखड). पाय ताबडतोब उचलला. घरी येऊन प्लग काढले, तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर मोहरीहून बारीक काळे ठिपके होते. इंजिन बांधणाऱ्या कोणालाही दाखवा, तो सांगेल हे कशाचं लक्षण आहे. आणखी थोडा वेळ तसंच दामटलं असतं तर पिस्टन गेला असता.

त्यानंतर ईसीयूचं झाकण उघडलं (सील नव्हतं, वॉरंटीची सबब कृपया सांगू नका). आत नळी लावायचा एकच मॅप सेन्सर आहे. दुसरा दाबाचा सेन्सर बोर्डावर नाही, त्यासाठी जागाही सोडलेली नाही. तीन ॲनालॉग इनपुट रिकामे आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या यादीत बॅरो हा पर्यायच नाही. मग 'लाइव्ह' कशाच्या जोरावर लिहिलं?

तुमच्या तंत्रज्ञांनी असंही सुचवलं की वाइडबँड (लॅम्बडा मोजणारा सेन्सर) लावलाय तर क्लोज्ड लूप (त्या रीडिंगवरून पेट्रोल आपोआप सुधारणं) फरक भरून काढेल. तो भरून काढतो सावकाश चालवताना. फुल थ्रॉटलला क्लोज्ड लूप बंद ठेवा, असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. जिथे करेक्शनची खरी गरज, नेमकं तिथेच ते मिळत नाही.

त्यात आता पंपावर ई-२० मिळतं. आमच्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं स्टॉइक गुणोत्तर (एक भाग पेट्रोल पुरतं जळायला लागणारी हवा) १४.७ नसून साधारण १३.५ आहे. तुम्ही दिलेला बेस मॅप (पेट्रोलचा सुरुवातीचा तक्ता) १४.७ धरून बनवलाय. तो मी माझा सुधारला. नवीन माणूस तसाच गाडी चालवेल, तेव्हा तोही बदला.

चांगलं ते चांगलंच म्हणेन. क्रँकचं ३६-१ ट्रिगर व्हील (इंजिनाचा वेग सांगणारं दातेरी चाक) तुमचा ईसीयू ७,००० आरपीएमपर्यंत एकदाही न चुकता वाचतो. हार्नेसचं काम सुबक आहे, प्रत्येक वायरवर नाव छापलेलं आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. इतका नीट बनवलेला माल एका खोट्या ओळीने विकायची काही गरज नव्हती. 'बॅरो फक्त सुरू करताना' असं लिहिलं असतं तर सपाटीवर गाडी चालवणाऱ्याने तो आनंदाने घेतला असता आणि मी दुसरा घेतला असता.

माझी मागणी अशी. रिकाम्या ॲनालॉग इनपुटवर बाहेरचा बॅरो सेन्सर लावता येईल असं फर्मवेअर (ईसीयूच्या आतलं सॉफ्टवेअर) द्या. सेन्सर मी माझ्या पैशाने घेईन. ते जमणार नसेल तर हार्नेससह पूर्ण रक्कम परत करा. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी माहितीपत्रकातली ती ओळ आधी काढा, कारण ती वाचून उद्या महाबळेश्वरचा, कोल्हापूरचा किंवा उटीचा कोणीतरी हाच ईसीयू घेईल आणि त्याच्या शेजारी लॉग बघणारा मित्र असेलच असं नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. साताऱ्यातच अर्ज दाखल करायची माझी तयारी आहे. पण मला खटला नको, चालणारा ईसीयू हवा आहे.

ईसीयू गाडीतून काढून मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. फर्मवेअर देणार असाल तर तसं कळवा, परत घेणार असाल तर कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवा.

आपला ग्राहक,
(सही)
शाहूपुरी, सातारा

सोबत: बिलाची प्रत, विक्री विभागाचा मेसेज, माहितीपत्रकाचं पान, वाई–पाचगणी–सुरूर लॉग फाइल, बोर्डाचे आणि प्लगचे फोटो.