लायडनला निघण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. नेदरलँड्समधल्या लायडनच्या इंडोनेशिया-अभ्यासाच्या उन्हाळी वर्गात तुझी निवड झाली हे उत्तम झालं. दोन आठवडे ऐकायला मोठे वाटतात, पण व्याख्यानं, गटचर्चा आणि सादरीकरण वजा करता पोथीसमोर बसायला फार तर तीन-चार दुपारी मिळतील. त्या वाया जाऊ नयेत म्हणून एवढं लिहितो.

व्हिसाचं आधी उरकतो. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा हवा. उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत, तेव्हा शक्य तितक्या लवकर कामाला लाग.

आता ग्रंथालय. केआयटीएलव्ही या आग्नेय आशियाचा अभ्यास करणाऱ्या जुन्या डच संस्थेचा संग्रह २०१४ मध्ये लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला, त्यामुळे जावानीज आणि मलय पोथ्यांचा मोठा साठा एकाच छताखाली सापडतो. पण क्रमांकांच्या मालिका अजून वेगवेगळ्याच आहेत. 'ला गालिगो' या सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांच्या महाकाव्याची बारा खंडांची प्रसिद्ध प्रत १८८ क्रमांकाची, पण बायबल सोसायटीच्या मालिकेतली. मालिकेचं नाव गाळून नुसता आकडा टिपलास तर महिन्याभराने तळटीप लिहिताना कपाळाला हात लावशील. घरूनच यादी करून पोथ्या आगाऊ मागव. ज्यांची छायाचित्रं ऑनलाइन आहेत त्या तिथे मागवू नकोस. अपवाद कागद, शाई आणि बांधणी बघायची असेल तेव्हाचा.

तुझं काम सुराकार्ताच्या (मध्य जावातल्या राजधानीच्या, म्हणजे सोलोच्या) दरबारी पोथ्यांवर, म्हणजे पहिला अडथळा तारखेचा. आपल्याला शके म्हटलं की ७८ मिळवायची सवय. जावात ती १६३३ नंतर दगा देते. त्या वर्षी, शके १५५५ ला, जावातल्या मातारामचा राजा सुलतान अगुंग याने शकाचा आकडा तसाच पुढे चालू ठेवला, पण वर्ष हिजरीसारखं चांद्र केलं. तेव्हापासून जावानीज वर्ष आणि हिजरी वर्ष यांत ५१२ चं अंतर आहे. पोथीत १८०० असेल तर त्यातून ५१२ वजा कर, हिजरी १२८८ येईल. म्हणजे मार्च १८७१ ते मार्च १८७२. ७८ मिळवले असते तर १८७८ आलं असतं, आणि साताएक वर्षांच्या चुकीवर अख्खं प्रकरण उभं राहिलं असतं. बालीच्या पोथ्यांना आणि १६३३ आधीच्या जावानीज लेखांना मात्र ७८ च.

पडताळ्याला वर्षाचं नाव वापर. आठ वर्षांचं चक्र असतं: अलिप, एहे, जिमावाल, जे, दाल, बे, वावु, जिमाकिर. जावानीज वर्षाला ८ ने भाग. बाकी ३ उरली तर अलिप, ४ ला एहे, असं पुढे. १८०० ला बाकी शून्य, म्हणजे बे. पोथीत दुसरंच नाव दिसलं तर आकडा वाचण्यात तुझी किंवा नकलाकाराची गफलत आहे. मग वार आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला दिवस (लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन) ताडून बघ. ही जोडी ३५ दिवसांनीच परत येते. एका दिवसाचा फरक निघाला तर घाबरू नकोस. जावानीज पंचांगात १२० वर्षांनी एक दिवस गळतो, आणि हिजरीची तयार कोष्टकं त्याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

बऱ्याचदा आकडा नसतोच, शब्द असतात, आणि प्रत्येक शब्द एका अंकासाठी असतो. 'सिर्ना इलंग केर्तानिंग बुमी' म्हणजे ०, ०, ४, १. उलटं वाच: १४००. मजापाहित या जावातल्या जुन्या हिंदू-बौद्ध साम्राज्याच्या अस्ताचं हे परंपरेने सांगितलेलं वर्ष, आणि १६३३ च्या आधीचं असल्याने ७८ मिळवून १४७८. 'अङ्कानां वामतो गतिः' (अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे) माहीत असलेल्याला इथे घरच्यासारखं वाटेल. अग्नी तीन, नाग आठ हेही ओळखीचं. तरी संस्कृतच्या भरवशावर राहू नकोस, जावानीज शब्दांची यादी जवळ ठेव. शिवाय नकलाकार मूळ रचनेचीच तारीख जशीच्या तशी उतरवतात. म्हणून वाचनकक्षात प्रकाशपाटी (कागदाखालून उजेड देणारी पाटी) मागून कागदाचं जलचिन्ह बघ. कागद तारखेपेक्षा नवा निघाला तर ती तारीख रचनेची, प्रतीची नव्हे.

सूचीत शोधताना स्पेलिंगने हैराण होशील. १९४७ पूर्वी 'उ' हा ओ आणि ई अशा दोन रोमन अक्षरांनी लिहीत. १९७२ पूर्वी 'च' म्हणजे टी-जे, 'ज' म्हणजे डी-जे आणि एकटा जे म्हणजे 'य'. त्यात जावानीज 'अ'चा उच्चार 'ऑ'कडे झुकतो, म्हणून सुराकार्ताच्या राजांचं नाव पाकुबुवाना आणि पाकुबुवोनो असं दोन्ही लिहिलेलं सापडतं. प्रत्येक नावाची चार-पाच रूपं आधीच लिहून ने.

हेगचं राष्ट्रीय अभिलेखागार गाडीने पंधराएक मिनिटांवर, स्टेशनला लागूनच. व्हीओसीचे (डच ईस्ट इंडिया कंपनीचे) कागद १.०४.०२ या सूचीत आहेत आणि बरेचसे घरबसल्या बघता येतात. बटाव्हियाहून (आजच्या जकार्ताहून) आलेली पत्रं हॉलंडला पोचल्याच्या वर्षानुसार लावलेली आहेत, लिहिल्याच्या नव्हे. प्रवासाला सात-आठ महिने लागत, म्हणून १६८४ चं पत्र १६८५ च्या खंडात शोध. (वेंगुर्ल्याच्या वखारीचा पत्रव्यवहारही याच सूचीत आहे. मोह आवर.)

आणखी एक. पुढे जावात क्षेत्रकार्य करायचं तर पर्यटक व्हिसावर मुळीच जाऊ नकोस. ब्रिन या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडून नैतिक मंजुरी आणि संशोधन-परवाना लागतो, आणि २०१९ च्या कायद्यात परकीय संशोधकांसाठी शिक्षेचीही तरतूद आहे. अर्जात इंडोनेशियन भागीदार संस्था दाखवावी लागते, आणि अनेकांचं घोडं तिथेच अडतं, कारण अनोळखी विभागप्रमुख ई-मेलला उत्तर देत नाहीत. वर्गाला योग्याकार्ता, सोलो, जकार्ताचे संशोधक असतील तर त्यांच्याशी पहिल्या आठवड्यातच बोल. शेवटच्या दिवशी सगळे बॅगा भरत असतात. आराखड्याचं एक पान बहासा इंडोनेशियात लिहून सोबत ठेव, म्हणजे ते परतल्यावर आपल्या विभागात थेट पुढे करू शकतील. मसुदा झाला की मला धाड, नजर टाकून देतो.

तुझा,
मंदार