एसीचं माप घ्यायला आलेल्या दादांना

दादा,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय वहिनी" म्हणून विषय संपवता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहू नका असं बजावलंत, तेही पाळते. पण श्रीवर्धनपासून दिवेआगरपर्यंत पत्र्याखाली उकडून निघणारी कितीतरी गॅरेजं आहेत. तुम्ही आम्हाला जे समजावलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि घरच्या गॅरेजमध्ये टेबल टाकून बसले. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला वाइस आणि हत्यारं. गावातल्या स्कूटी आणि वाड्यांमधले पाण्याचे पंप त्यांच्याकडे येतात. पूर्वी या गॅरेजवर दिवसभर पोफळींची सावली असायची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि वाडी आडवी झाली. नवी रोपं लावली, पण पोफळीला नुसतं फळ धरायलाच पाच-सात वर्षं लागतात. पत्रा उघडा पडला तो पडलाच. मे महिन्यात बाहेर 33 अंश असताना आत काटा 40 च्या पुढे जायचा, आणि सत्तरी ओलांडलेले नाना तिथेच घाम निथळत बसायचे. उठा म्हटलं की "एवढा पंप होऊ दे" हे उत्तर ठरलेलं.

घरात ज्याचं त्याचं मत होतं. सोलापूरच्या नणंदेचं म्हणणं, मोठा कूलर घ्या. मुलाला चाकांवरचा एसी हवा होता. शेवटी भिंतीवरचा एसी ठरला आणि तुम्हाला माप घ्यायला बोलावलं. तुम्ही टेप काढलीच नाहीत. आधी स्टुलावर चढून पत्र्याखाली वीतभर अंतरावर तळहात धरलात, मग मला धरायला लावलात. पत्र्याला न शिवताही हात भाजल्यासारखा झाला. "वहिनी, हा डोक्यावर धरलेला तवा आहे. आधी तवा उतरवू, मशीनचं नंतर बघू," असं म्हणालात.

कूलरबद्दल नुसतं नको म्हणाला असतात तरी आम्ही ऐकलं असतं. पण तुम्ही नानांकडून थर्मामीटर मागून घेतलात आणि आंब्याच्या सावलीत टांगलात. 33 अंश. मग त्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून समोर टेबलफॅन लावलात. काटा उतरत उतरत 28 च्या जरा वर थांबला, आणि नानांनी चिंधी पुन्हा भिजवली तरी हलेना. "कूलरची हवा या आकड्याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि बाजारातला कूलर इथपर्यंतही पोचत नाही," हे तुमचं वाक्य. सोलापूरला 42 अंशांचा कोरडा उन्हाळा असतो. हवेत ओल वीस टक्के धरली, तर हीच चिंधी काटा 24 च्या आसपास आणून ठेवते. म्हणून नणंदेकडे कूलर हे वरदान आहे. आपल्याकडे समुद्राची हवा आधीच ओलीने भरलेली, तिच्यात पाणी मावणार किती? चार-पाच अंशांसाठी खोली दमट करायची, घाम अंगावरच राहणार आणि वर नानांच्या पान्यांना गंज. ते सगळं त्या चिंधीने दाखवलं. नाना इतके रंगले की संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा करून दाखवलं.

एसीचंही तसंच. विकला असतात तर तुमचा फायदा होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढतो. पण आमच्या शटरच्या कडेने बोटं जातील एवढ्या फटी, शिवाय वर तापलेला पत्रा. म्हणजे निम्मी वीज समुद्राची ओल सुकवण्यातच जायची. चाकांचा एसी तर आतलीच हवा नळीतून बाहेर टाकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढून घेतो. फटी बुजवून खोली बंद करू म्हटल्यावर तुमचा आवाज चढला. जिथे पेट्रोल आहे आणि नाना इंजिन चालू करून बघतात तिथे दारं बंद करायची नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या दिवशी तुम्ही थोडे रागावलात. बरं केलंत.

मग जे सांगितलंत ते आम्ही तुम्ही लावून दिलेल्या क्रमाने केलं. पत्र्याचा गंज घासून, प्रायमर मारून वर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. नुसता चुना आमच्या पावसात एका हंगामात धुऊन गेला असता. झावळ्या टाकू का, असं सासूबाईंनी विचारलं होतं. त्यांच्या माहेरी तसंच करायचे. खाली पेट्रोल आणि कधीमधी वेल्डिंग, म्हणून तुम्ही त्यांना नको म्हणालात, पण किती आदराने समजावलंत! पत्र्याखाली अर्ध्या फुटावर चमकदार फॉइलची शीट तारांवर ताणली. सुतार ती पत्र्याला चिकटवूनच ठोकणार होता. तुमचा फोन आला म्हणून वाचलो. चमकदार बाजूसमोर हवेची पोकळी नसेल तर ती पत्र्याची धग परतवत नाही, हे त्यालाही नवीन होतं. ती पोकळी वळचणीला आणि आढ्याला उघडी ठेवली, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाते.

पश्चिमेच्या भिंतीत खाली जमिनीलगत जाळ्या आणि समोर पूर्वेच्या भिंतीत आढ्याखाली एक्झॉस्ट. दुपारी खारा वारा सुटला की जाळीतून आत येतो आणि गरम हवेला वर ढकलून बाहेर काढतो. वारा पडला तरच एक्झॉस्ट लावायचा. जाळ्या जमिनीलगत घेण्यामागे दुसरंही कारण होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. तरीही टाकी उघडायचं काम अंगणातच, ही तुमची अट नाना पाळतात. पावसाची झड पश्चिमेकडूनच येते म्हणून जाळ्यांना बिजागरीच्या झडपा बसवल्या. छताचा पंखा काढून टाकला, कारण तो वरची गरम हवाच डोक्यावर ओतत होता. त्याऐवजी टेबलाशेजारी भिंतीवर पंखा आला. बाहेरून आल्यावर गाडी इंजिन निवेपर्यंत अंगणात थांबते. इन्व्हर्टरची बॅटरी घरात हलवली. पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीलगत सासूबाईंनी केळी लावल्या; पोफळी वाढेपर्यंत भिंतीवरचं ऊन त्या अडवतील.

या मे महिन्यात बाहेर 33 असताना आत 34-35 भरत होतं. एसीची थंडाई ही नव्हे, आणि तशी आशाही तुम्ही लावली नव्हती. पण पंख्याच्या वाऱ्यात घाम सुकतो, धग डोक्यावर उतरत नाही, आणि जेवणानंतर नाना पुन्हा टेबलाशी जातात तेव्हा माझा जीव खालीवर होत नाही. सगळा खर्च मिळून एसीच्या किमतीच्या बराच खाली राहिला, आणि त्यातले तुमच्या वाट्याला आले फक्त येण्या-जाण्याचे पैसे. सुतार आणि रंगारी दोघांनाही तुम्ही स्वतःहून फोन करत राहिलात. एवढं कोण करतं, दादा? आमच्यासाठी तुम्ही केलंत. घरातले सगळे मनापासून तुमचे ऋणी आहेत.

गौरी-गणपतीला वहिनींना आणि मुलांना घेऊन जेवायला या, हे नानांनी खास लिहायला सांगितलं आहे. आणि एक काम. शेजारच्या काकांच्या गॅरेजवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. ते घासायला काढणार होते, मी थांबवलं आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर धूळ छातीत जाईल, असं तुम्हीच मागे बोलता बोलता म्हणाला होतात. त्यांच्याकडे काय करता येईल ते एकदा येऊन बघाल का? थर्मामीटर आणि चिंधी नाना तयार ठेवतील.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
नानांची सून